लारूसाठी नवे ब्रेक

८ जून, शनिवार
चर्चमध्ये सांगतात, रोजनिशी लिहा, नातवंडं वाचतील. ही कोणी वाचायची नाही. ही फक्त माझ्यासाठी. आज जे झालं त्याची खरी हकीकत कुठेतरी असायला हवी.
डोंगरावरून गावजेवणाला खाली येत होतो. साइड-बाय-साइड, म्हणजे डोंगरात चालवायची आमची उघडी गाडी, मी चालवतोय, बायको लारू शेजारी, तिच्या मांडीवर चीज घातलेल्या बटाट्यांचं पातेलं. वळणाआधी ती थांब म्हणाली. मी ब्रेक दाबला. म्हणजे दाबणारच होतो. गाडी सरळ पाटात. बटाटे बॉनेटवर, लारू गुडघाभर पाण्यात, आणि वर वाटेवर अर्धं गाव उभं.
निष्कर्ष: ब्रेक कमकुवत आहेत.

९ जून, रविवार
लारूने जाहीर केलं. यापुढे माझ्या शेजारी बसणार नाही.
२४ जुलैला, पायोनियर डेला, म्हणजे पूर्वज या मुलखात येऊन वसले त्या दिवशी, अख्खं गाव डोंगरावर जातं. आम्ही दोघं त्याही पुढे, वरच्या तळ्यापर्यंत जातो. लग्नाचं तिला मी तिथेच विचारलं होतं. अठ्ठावीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. यंदा म्हणे ती बहिणीबरोबर, नोरीनबरोबर जाणार. म्हणजे डेव्हॉनच्या गाडीत, मागच्या सीटवर. डेव्हॉन माझा साडू. गाडी जुनाट, चालवतो असा की गोगलगायीने हॉर्न द्यावा.
झोंबलं. शेजारी-शेजारी बसायला बनवलेली गाडी, आणि शेजारी कोण? थंड पेयांची पेटी?
संकल्प: असे ब्रेक बसवीन की लारू आपण होऊन येऊन बसेल.

११ जून
ऑर्डर दिली. मोठ्या डिस्क. डिस्कला चिमटीत धरणाऱ्या एकेका कॅलिपरला सहा-सहा पिस्टन. रंग लाल. लाल बघून लारूला धीर येईल.
डेव्हॉनने न विचारता अक्कल शिकवली. म्हणाला, गेल्या वर्षी तू ते अवजड टायर चढवलेस, तेव्हापासून गाडी थांबेना. जुने टायर लाव, फुकटात काम होईल. साडूला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, जगभर हेच.

१९ जून
खोकं आलं. काय देखणे आहेत! लारूला मुद्दाम बोलावून दाखवले. तिने खोक्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, यात नवा पाय पण पाठवलाय का? काय म्हणायचं होतं देव जाणे.

२२ जून
कॅलिपर चाकात मावत नाही. रिमला घासतो. यात ब्रेकचा दोष नाही, चाक लहान आहे. मोठी चाकं मागवली.

२ जुलै
चाकं आली. आता गाडीला होते ते टायर त्यांवर बसेनात. मोठे टायर मागवावे लागले. पहिल्यांपेक्षा जास्त जड. पण दिसायला रुबाबदार.
डेव्हॉन ऐकून इतका हसला की त्याला हत्यारांच्या पेटीवर बसावं लागलं. म्हणे, या टायरना आता याहून मोठे ब्रेक लागतील. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

१३ जुलै
आज ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढली. याला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाखाली पडून निपल, म्हणजे हवा जायचा स्क्रू, सोडायचा आणि आवळायचा. डेव्हॉनला बोलवायचा प्रश्नच नव्हता. लारूला विनवलं. गाडी चालणार नाही, जागेवरच उभी राहील, असं वचन दिल्यावर ती बसली. बरोबर विणकाम घेऊन.
मी खालून ओरडायचो, दाब. ती म्हणायची, दाबलं. मी म्हणायचो, धर. मग एकदा निपल आवळायच्या आत माझ्याच तोंडून सोड निघालं. हवा पुन्हा आत. मी म्हणालो, तू घाई केलीस. तिने विणकाम बाजूला ठेवलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून. शेवटी उतरताना म्हणाली, व्हर्लन, तू लग्नापासून जेवढे ब्रेक दाबले नाहीस तेवढे मी आज एका संध्याकाळी दाबले.
थकली होती. त्यामुळे अतिशयोक्ती.

२० जुलै
ब्रेकचे नवे पॅड डिस्कला घासून नीट बसावेत म्हणून गाडी जोरात पळवून करकचून थांबवायची, पुन्हा पळवायची. शेतातल्या रस्त्यावर केलं. धूर निघाला. निघतोच. शेजारचा ऑर्व्हिल बादली घेऊन धावत आला. अडाणी माणूस.
पण थांबते काय, खिळा ठोकल्यासारखी! माझं नाक स्टीअरिंगवर आपटलं. महत्त्वाचा शोध: एवढे चांगले ब्रेक असल्यावर ते आधीपासून दाबत बसायची गरजच उरत नाही. वेग वाढवायला हरकत नाही.

२२ जुलै
लारू येणार! नोरीनच्या मुलीला मागची सीट हवीये, म्हणून जागा नाही, असं ती म्हणाली. मला आतली गोष्ट कळते. लाल रंगाने काम केलं. अट एकच. ती थांब म्हणेल तेव्हा थांबायचं. मी म्हणालो, अगं त्याचसाठी तर हा सगळा खटाटोप.
खरं सांगतो, गॅरेजमध्ये जाऊन थोडे डोळे पुसले. आनंद झाला होता.

२४ जुलै, संध्याकाळ
निघालो. लारू शेजारी. मी फार खूश.
पहिल्या चढानंतर ती थांब म्हणाली. रस्ता सपाट, धोका काही नाही. मी तिला समजावलं की हे ब्रेक अडीअडचणीसाठी आहेत, आणि पिस्टन कसे काम करतात तेही सांगितलं. ती पुन्हा म्हणाली. मी तोवर चौथ्या पिस्टनवर होतो. तिसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा वाटलं, आता हिची भीती कायमची घालवू. कड्याच्या वळणापर्यंत भरधाव गेलो आणि अगदी शेवटी दाबला. चाकं कडेपासून हातभर अंतरावर. अप्रतिम!
लारूने हेल्मेट काढलं. उतरली. वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि म्हणाली, सरक.
सरकलो.
तिने गाडी वळवली आणि चक्क परत नेली, आलो त्या वाटेने. ती पहिल्यांदा थांब म्हणाली होती तिथे थांबवली. मी विचारलं, काय बिघडलं? काही नाही म्हणाली. खाली निळ्या फुलांचा उतार होता. बघून झाल्यावर गाडी पुन्हा वळवून वर निघाली. मग हरणी दिसली पाडसासह, तिथे थांबली. मग एका बोडक्या खडकाशी. तिथून अख्खं खोरं दिसतं आणि नीट पाहिलं तर आमच्या घराचं छप्परसुद्धा. मी म्हणालो, इथून आपलं घर दिसतं हे ठाऊकच नव्हतं. ती म्हणाली, मी दर वर्षी इथे थांब म्हणते.
मी म्हणालो, मला वाटायचं तुला भीती वाटते. ती म्हणाली, वेड्या, भीती वाटली असती तर अठ्ठावीस वर्षं बसले असते होय? मला बघायचं असायचं.
तळ्यावर पोचलो तोवर खाली गावाची जेवणं उरकली असणार. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. लग्नाचं विचारताना टोपी फिरवत बसलो होतो, तसा हेल्मेट फिरवत बसलो. शेवटी विचारलं, पेडल कडक वाटतंय का? ती म्हणाली, ठीक आहे.

२५ जुलै
सकाळी गॅरेजमध्ये गेलो. गाडी नाही. लारू आणि नोरीन डबा घेऊन वर गेल्यात. मला विचारलं नाही.
दुपारी डेव्हॉन आला, बायको शोधत. दोघं पायरीवर बसलो. त्याने विचारलं, ब्रेक चांगले लागतात? मी म्हणालो, फारच.
संध्याकाळ झाली. अजून आल्या नाहीत. जागोजागी थांबत असतील.