अकाली थंड झालेली कॉफी

गुरुवार, संध्याकाळ. राजाजीनगर

आज माझी चारची कॉफी अकाली निवर्तली. कारण जुईचा, आमच्या लेकीचा फोन. पदवीनंतरची पहिलीच मुलाखत, महादेवपुऱ्यातल्या वित्तकंपनीत. मुलाखत घेणारे साहेब तिला म्हणाले, "घरी फोन लावा, ही गुंतवणूक योजना वडिलांना विकून दाखवा." मी लेकीखातर 'घेतो' म्हणणार, तोच तीच म्हणाली, "अण्णा, घेऊ नका. पैसे अडकतील, तुम्हाला झेपायचं नाही."

नोकरी अर्थातच गेली. घरी आल्यावर माझा पेला बघून म्हणते, "स्वल्प गरम करून देऊ?" मी थंडच प्यायलो, ऐटीत. शाब्बास म्हणालो, तेही मनापासून.

"पुढच्या ठिकाणीही हेच सांगणार," म्हणाली. सांगच! पण अशी किती ठिकाणं? एखाद्या दिवशी थकून ती "अण्णा, घ्या" म्हणेल, याची मला भीती वाटते.