उंदरांच्या कानांची साक्ष

मी, खाली सही करणारी, जीवाणुशास्त्र प्रयोगशाळेतील सेवानिवृत्त संशोधक, वय शहात्तर, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके नाही. भाच्याने वेगळे काही सुचवल्यास वकिलांनी त्याला हे वाक्य मोठ्याने वाचायला लावावे.

१. राहते घर, वरच्या दोन खोल्या वगळून, माझ्या भावाच्या मुलाला. अट एकच: त्याने कलम दोन शेवटपर्यंत वाचावे. साधा खोकला झाला तरी तो विचारतो, "आत्या, इंटरफेरॉनचं इंजेक्शन घेऊ का? ताकद येते ना त्यानं?" तोंडी समजावून थकले, आता लेखी समजावते.

२. इंटरफेरॉन हे टॉनिक नव्हे, निरोप आहे. विषाणू शिरलेली पेशी पहिल्या प्रकारचा निरोप धाडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. विषाणूंविरुद्ध हे उत्तम. काही जीवाणू मात्र जंतू गिळणाऱ्या आपल्याच भक्षक पेशींच्या पोटात बसून वाढतात. त्यांना मारायला भक्षक पेशींना दुसरा निरोप लागतो, गॅमा इंटरफेरॉनचा. अशा वेळी पहिला निरोप फार वाजत राहिला, तर भक्षक पेशींना गॅमाची हाक नीट ऐकू येत नाही आणि लढणाऱ्या काही पेशी मरतातही. (सगळ्या जीवाणूंचे असे नाही; काहींविरुद्ध पहिला निरोपही उपयोगी पडतो. पण तू इथवर वाचलेस तरी पुष्कळ.) एकाच कुळातले दोन निरोप, आणि एक दुसऱ्याचा आवाज दाबतो! केवढे सुंदर आहे हे!

३. हे मला सव्वीस वर्षांपूर्वी दिसले होते. लिस्टेरिया हा असाच पेशीत बसणारा जीवाणू टोचल्यावर, जन्मतःच पहिला निरोप ऐकू न येणारे उंदीर जगले, धडधाकट उंदीर मेले. विभागप्रमुख म्हणाले, "बाई, संरक्षण काढून घेतलेलं जनावर जगतं होय? पिंजरेवाल्यानं चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीय."

प्राणिगृह सांभाळणारे हे पिंजरेवाले काका पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर कधीच विसंबत नसत. पिल्लांचे दूध सुटले की ते कानाला भोक पाडत: निरोप न ऐकणाऱ्यांच्या उजव्या, इतरांच्या डाव्या. मग चिठ्ठीवर लिहीत, "तपासले. बरोबर." मी जगलेल्या अकरा उंदरांचे कान स्वतः पाहिले. अकराही उजवे. तरी "चिठ्ठ्या चुकल्या" या अहवालावर सही केली, कारण साहेबांशी वाद घालून विटले होते. काकांना कामावरून काढले. सहा वर्षांनी हाच निष्कर्ष इतरांनी छापला, तेव्हा साहेबांनी तो लेख मलाच आणून दिला: "वाचा, रंजक आहे!"

म्हणून जाहीर करते: काकांची चूक नव्हती. खोट्या अहवालावरची सही माझी होती. माझी नोंदवही आणि हे कलम वकिलांनी संस्थेच्या संचालकांना माझ्या मृत्यूची वाट न पाहता द्यावे.

४. <s>वरच्या दोन खोल्या पिंजरेवाले काकांना.</s> ही रेघ मीच मारली आहे. काल काकांना बोलावून हे वाचून दाखवले.

"खोल्या घेऊन काय करू, बाई? जिना चढवत नाही. मला साक्षीदार म्हणून सही करू द्या."

वकील म्हणाले, "काका, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. खोल्या जातील."

"जाऊ द्या. त्या अहवालावर माझी सही कुणी मागितली नव्हती."

"हा शुद्ध हट्टीपणा आहे!" मी म्हणाले.

"असू दे. तुम्ही कान पाहिले होते, एवढं तेव्हा सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

मी पेन उचलून खोल्यांवर रेघ मारली. खोल्याही आता भाच्याच्या. त्याने खुशाल जिना चढावा.

५. कानाला भोक पाडायची चिमटी इतकी वर्षे माझ्या खणात होती. ती काकांचीच, वारसा नव्हे, म्हणून कालच परत केली.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: १४ मार्च, सकाळी

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या औषधविक्रेत्या (सही)

साक्षीदार दुसरे: पिंजरेवाले काका (सही, खाली त्यांच्याच अक्षरात) "तपासले. बरोबर."