घडी घातलेली फडकी

प्रिय दादा,

पाच वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट तसंच फेकून देऊ नकोस. आज आपलं कॅथेड्रल पुन्हा उघडलं. नवं लाकडी छत बघता बघता मान अवघडली. बाकांना पॉलिश माझंच आहे, हात मात्र तूच बसवलेला. घंटा वाजल्या तेव्हा सगळे रडले आणि मी दात आवळून उभी होते. तुझ्या विडीने हे जळलं, असंच मी धरून बसले होते. आई गेली तेव्हाही तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. तूही 'चूक माझी' एवढंच म्हणून गाव सोडलंस.

कार्यक्रम संपल्यावर अग्निशमन दलाचे अधिकारी मला झाकणाचा लोखंडी डबा दाखवत होते. पॉलिशच्या तेलाची फडकी आता यात, पाण्यात बुडवून ठेवायची म्हणे. मी हसून विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाले, जवसाच्या तेलाची फडकी घडी घालून एकावर एक ठेवली की आतल्या आत तापतात आणि आपोआप पेटतात. आग तशीच लागली, विडीचा संबंधच नव्हता. तुमच्या भावानेच तर लिहून दिलंय, फडक्यांच्या घड्या घालून पेटीत मीच ठेवल्या म्हणून.

दादा, घड्या? तू? जन्मात रुमालाची घडी न घातलेला माणूस! फडकी तू कठड्यावर पसरायचास, मी पसारा म्हणून करवादायचे आणि तू म्हणायचास, राहू दे गं, टापटीप. का, ते कधी सांगितलं नाहीस. आग लागली त्या दिवशी आईला डॉक्टरांकडे न्यायला तू लवकर निघालास आणि मी हौसेने सगळी फडकी घडी घालून पेटीत रचली. वर झाकणही लावलं. तू आल्यावर शाबासकी देशील असं वाटलं होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाने स्वतःच दोर मागून घेतला. असं का केलंस रे? मी तिथल्या तिथे कागद मागितला आणि घड्या मी घातल्या असं लिहून, सही करून दिलं. आता होईल ते होवो. सोमवारी दुपारच्या गाडीने तुझ्याकडे येतेय, दार तेवढं उघड. हे पत्र घडी न घालताच पाकिटात कोंबतेय.

तुझीच,
टापटीप