उर्वीच्या खोलीतली बिअर

६ जून, शुक्रवार

रश्मी आणि उर्वी काल कल्याणला गेल्या. शाळेला सुट्टी. एअरपोर्टवर रश्मीने पुन्हा तेच ऐकवलं. जुलैअखेरपर्यंत दारू पूर्ण सोडलीस तर ऑगस्टला आम्ही परत येतो, नाहीतर उर्वीचं अ‍ॅडमिशन कल्याणलाच. मी म्हटलं, अगं सोडलीच आहे. आणि खरंच सोडली आहे! इथे ओमानात दारू परमिटवरच मिळते, त्या परमिटचं कार्ड तिने माझ्यासमोर कात्रीने कापलं. दुकानातून एक थेंब आणता येत नाही. याला सोडणं नाही तर काय म्हणायचं?

एवढं महाभारत कशावरून, तर शाळेच्या अ‍ॅन्युअल डेवरून. उर्वीला स्टेजवर बक्षीस मिळत होतं तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडीत डोळे मिटून पडलो होतो. दमलेला माणूस आणि प्यालेला माणूस यातला फरक बायकांना कळत नाही.

निश्चय: आजपासून नवं आयुष्य. रोज पहाटे आमच्या सीबच्या समुद्रावर चालायचं. (उद्यापासून. आज ईदची गर्दी असेल.)

७ जून

चाललो नाही. पहाटेसुद्धा तव्यावर उभं राहिल्यासारखं होतं. घर फार शांत आहे. फ्रिजचा आवाज ऐकू येतो.

१० जून

माणसाला छंद हवा. रिकामं मन सैतानाचं घर. आज प्लांटवर धनेशने सांगितलं की त्याच्या जुन्या लेबर कॅम्पात एक जण घरी बिअर बनवायचा. धनेश मालवणचा, त्यामुळे निम्मं सोडून द्यायचं. पण घरी येऊन यूट्यूबवर पाहिलं. बिअर म्हणजे काय? मोड आलेले जव, पाणी, यीस्ट. इडलीचं पीठ आंबतं तसंच. इडलीला कोणी दारू म्हणत नाही.

शिवाय मी क्वालिटी इंजिनियर. बरक्याच्या प्लांटवर समुद्राचं पाणी पिण्याजोगं करतो. समुद्र ज्याने गोड केला त्याला मूठभर जव काय जड?

महत्त्वाचं: हे पिण्यासाठी नाही, बनवण्यासाठी आहे. हलवाई स्वतःची मिठाई खात बसतो का?

१२ जून

जव भिजवून रश्मीच्या मटकीच्या फडक्यात बांधले. दोन दिवसांत काय सुंदर मोड आले! गच्चीवर वाळत घातले तर तासाभरात कडकडीत. निसर्ग माझ्या बाजूने आहे. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, जहूरने विचारलं, साब ये क्या है? मी म्हटलं, शुगर के लिए. त्याने फार आदराने मान हलवली.

कायद्यात हे बसत नाही, माहीत आहे. पकडलं तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास. पण पकडायला कोण येणार? मी कुणाला सांगणार आहे थोडंच. (धनेशला सांगितलं. तो वेगळा.)

१३ जून, शुक्रवार

सकाळी व्हिडिओ कॉलवर वंदना. रश्मीची कल्पना. दर शुक्रवारी तिघांनी मिळून त्रिशरण-पंचशील म्हणायचं. उर्वी पुढे म्हणते, आम्ही मागे. तिचे मराठी उच्चार इंग्लिश मीडियमचे, पण पाली मात्र खणखणीत. सासऱ्यांनी शिकवलंय. ते तिकडे विहारात वंदना घेतात.

चार शीलं अगदी मनापासून म्हटली. हत्या, चोरी, व्यभिचार, खोटं, यांच्याशी माझा काही संबंध नाही. पाचवं मद्याचं. नेमकं त्याच वेळी नेटवर्क गेलं. म्हणजे मी फोन जरा आडवा, उशीवर पालथा केला आणि गेलं. इथल्या नेटचा भरवसाच नाही.

२१ जून

बॅच नंबर १ तयार. रंग: चहात पाय धुतल्यासारखा. वास: अतिपिकलेलं केळं, मागून नेलपॉलिश. धनेशला बोलावलं. त्याने एक घोट घेतला आणि सिंकपर्यंत धावत गेला. म्हणाला, मेल्या, ह्यां पिण्यापेक्षा रंग काढूक वापर.

कारण शोधलं. हॉलमध्ये दिवसा एसी बंद, उकाड्यात यीस्ट वेडं होतं आणि केळ्याचा वास सोडतं. म्हणजे दोष माझा नाही, तापमानाचा. उपाय: घरातली सर्वात थंड जागा. उर्वीची खोली. तिचा एसी नवा आहे.

ओतून देणार होतो. पण सँपल पुरेसं घेतल्याशिवाय निष्कर्ष काढणं हे आमच्या पेशात पाप. पूर्ण बॅच तपासली.

२२ जून

ऑफिसला गेलो नाही. पोट.

२४ जून

बॅच २. पिंप उर्वीच्या स्टडी टेबलवर मावलं. तिचं टेडी कपाटावर ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. बाकी खोलीला हात लावलेला नाही. भिंतीवर तिने काढलेलं आमच्या तिघांचं चित्र तसंच आहे. त्यात मी सर्वात उंच.

कडवटपणासाठी जे फूल लागतं ते इथे कुठून मिळणार? मेथ्या टाकल्या. आपल्या लोकांनी डोकं चालवलं नाही म्हणून आपण मागे.

२७ जून, शुक्रवार

वंदना. पाचव्याला नेटवर्क गेलं.

नंतर उर्वी म्हणाली, बाबा, माझी रूम शो करा ना, मला टेडी बघायचाय. मी म्हटलं, बल्ब गेलाय. ती म्हणाली, पण आता मॉर्निंग आहे ना? मुलं फार प्रश्न विचारतात. शाळेमुळे.

३ जुलै

बॅच २. बाळंतिणीच्या लाडवांचं पाणी. कारण: मेथ्या. पूर्ण तपासली. मेथ्या तब्येतीला चांगल्या.

संध्याकाळी रश्मीचा फोन. आवाज असा का, म्हणाली. मी म्हटलं, एसीने घसा बसलाय. तिने फोन दुसऱ्या खोलीत नेला, दार लागल्याचा आवाज आला. मग म्हणाली, प्रफुल्ल, मला यायचंय रे. उर्वीला पण यायचंय. तू फक्त येऊ दे.

मला रडू आलं. हे लिहितो कारण इथे कोणी वाचत नाही. मग स्वतःला समजावलं की शास्त्रात भावनेला जागा नाही, आणि बॅच ३ ची तयारी केली.

५ जुलै

मेथ्या बाद. कडवटपणा आणि आंबटपणा दोन्हींसाठी सीबच्या जुन्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, काळे वाळवलेले लिंबू आणले. इथले लोक मटणात टाकतात. स्थानिक कच्चा माल, मराठी बुद्धी. यल्ला!

वास जिन्यात जातोय. समोरच्या शहनाजभाभी म्हणाल्या, भाईसाब, आपके यहाँ कुछ ख़राब हुआ है क्या? मी म्हटलं, डोसा बॅटर. एकटा माणूस किती डोसे खातो, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. सलालाहचा उत्तम लुबान आणून चारी खोल्यांत धुरी दिली. आता घरात धूप आणि आंबलेल्या जवाचा एकत्र वास येतो.

१० जुलै, आषाढी पौर्णिमा

आज वर्षावास सुरू. कल्याणला सगळे जमले होते, सासरे, मेहुणे, शेजारची मंडळी. रश्मीने फोन टीव्हीला जोडला. म्हणजे मी त्यांना भिंतभर दिसत होतो. सासरे म्हणाले, आज जावईबापूंनी पुढे म्हणायचं, आम्ही मागे म्हणू. चांगला दिवस आहे, त्यांच्या निश्चयाला बळ मिळेल.

मी पांढरा शर्ट घातला होता. दाढी केली होती. लुबानामुळे पाठीमागे धूर होता, त्यामुळे वातावरण फार पवित्र दिसत असणार. पहिलं शील म्हटलं. पंधरा माणसं माझ्यामागे एका आवाजात म्हणाली. दुसरं, तिसरं, चौथं. मला स्वतःचा अभिमान वाटला.

मग मी फोन आडवा केला.

परत सरळ केला तेव्हा सगळ्यांचे हात जोडलेलेच होते. उर्वी टीव्हीच्या अगदी जवळ आली होती. म्हणाली, बाबा, एव्हरी टाइम पाचव्यालाच का नेटवर्क जातं?

मी म्हटलं, बाळा, ओमानचं नेट. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि राहिलेलं शील स्वतः म्हटलं. रश्मी फ्रेममध्ये नव्हती.

निश्चय: बॅच ३ शेवटची. तीही पिण्यासाठी नाही, सुरुवात केलेलं काम पूर्ण करण्यासाठी.

१२ जुलै

नीट विचार केला. पाचवं शील बेसावध करणाऱ्या गोष्टींबद्दल आहे. मी तर पूर्ण सावध असतो. थर्मामीटर लावतो, नोंदी ठेवतो. उलट बिअर बनवायला लागल्यापासून मी जितका सावध झालोय तितका कधीच नव्हतो. हे रश्मीला शांतपणे समजावलं पाहिजे. समोरासमोर. फोनवर नको.

१६ जुलै

बॅच ३ बाटल्यांत भरली. सोड्याच्या काचेच्या बाटल्या, झाकणं घट्ट. फेस यावा म्हणून प्रत्येकीत एक चमचा साखर. मग एक चमचा कमी वाटला, म्हणून अजून दोन. आपल्याकडे गोड करताना हात आखडत नाहीत.

१९ जुलै, दुपार

प्लांटवर होतो. जहूरचा फोन. साब जल्दी आओ, आपके घर में गैस सिलिंडर फटा है, एक नहीं, बहुत सारे.

बरका ते सीब कसा आलो माहीत नाही. दारात जहूर, शहनाजभाभी, खालचे दोघे. पोलिसांना फोन करू का, असं खालचा विचारत होता. मी दोन्ही हातांनी दार धरून उभा राहिलो. म्हटलं, नको, लोणच्याच्या बरण्या आहेत, आईच्या हातचं लोणचं आहे. आई जाऊन सहा वर्षं झाली, तेही सांगितलं. तिचं नाव घेतलं आणि सगळे निघून गेले. जहूर जाताना म्हणाला, साब, अल्लाह रहम करे.

उर्वीच्या खोलीत सगळीकडे काच. गादी ओली. टेडी ओलं. पुस्तकं फुगली. भिंतीवरच्या चित्रावरून तपकिरी ओघळ आले, रश्मी आणि उर्वीवरून. मी उंच असल्यामुळे वाचलो.

फरशी पुसत बसलो. हाताला काच लागली. कोपऱ्यात दोन बाटल्या न फुटलेल्या सापडल्या. कारणमीमांसेसाठी त्या तपासणं भाग होतं.

२० जुलै

कारण: साखर. दोष पद्धतीतला आहे, माणसातला नाही. सगळं स्वच्छ केलं. टेडी तीनदा धुतलं. वास जात नाही. नवी गादी आणेन. नवी पुस्तकं आणेन. चित्र नव्याने काढायला सांगेन, तिला सांगायचं की ऊन लागलं.

निश्चय: खलास. या क्षणापासून.

२२ जुलै

पिंप फेकायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की जव उरलेत. आई म्हणायची, अन्न वाया घालवू नये. एकच बॅच. आता सगळे दोष कळलेत. तापमान, मेथ्या, साखर. एवढी चांगली संधी पुन्हा येणार नाही. आणि ही प्यायची नाहीच. रश्मीला दाखवायची. मी तीन महिने नुसता पीत नव्हतो, काहीतरी शिकत होतो, हे तिला दिसेल.

(दीड महिना. आणि पीत नव्हतो, तपासत होतो.)

२५ जुलै, शुक्रवार

वंदनेला फोन आला नाही. मी तयार बसलो होतो. आज फोन सरळच धरणार होतो.

२९ जुलै

आज रश्मीनेच फोन केला. आवाज शांत. शहनाजभाभींशी बोलणं झालं म्हणाली. त्यांनी लोणच्याबद्दल सांत्वन करायला फोन केला होता. बायकांना एकमेकींचे नंबर का लागतात?

मी सगळं समजावलं. तापमान, यीस्ट, साखर. तिने मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, कुठे बनवत होतास? मी म्हटलं, एसी चांगला आहे ना तिथला.

ती म्हणाली, उर्वीच्या खोलीत. प्रश्न नव्हता तो. मग म्हणाली की परवा शाळेत जाऊन फी भरतेय, युनिफॉर्मचं माप दिलंय. मी म्हटलं, अगं पण मी सोडलीय. ती म्हणाली, हो. आम्हाला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

धनेशला बोलावलं, तो आला नाही. गावी निघालोय म्हणाला. विमान पुढच्या आठवड्यात आहे त्याचं.

शेवटची बॅच उघडली. लिहायलाच हवं, कारण सांगायला कोणी नाही. रंग सोन्यासारखा. फेस दाट, पांढरा, टिकणारा. केळं नाही, नेलपॉलिश नाही, मेथ्या नाहीत. एकही दोष नाही. दुकानातल्यापेक्षा चांगली. माझ्या हातून आयुष्यात इतकं निर्दोष काही झालेलं नाही.

ग्लास उर्वीच्या टेबलवर ठेवला. खोली आता रिकामीच आहे, बसायला मोकळी जागा आहे. वंदनेची वेळ झाली होती. म्हटलं, आज एकटाच म्हणतो, पूर्ण म्हणतो, मग ग्लास ओतून देतो आणि रश्मीला कळवतो. फोन समोर उभा करून ठेवला, कुणाला लावला नाही. नेटवर्क फुल होतं.

चार शीलं म्हटली. पाचव्याला आलो आणि पुढचे शब्द आठवेनात. खूप वेळ आठवून पाहिलं. उर्वीला विचारायला फोन लावला. तिने उचलला, हॅलो बाबा म्हणाली, आणि मी फोन आडवा केला.

ग्लास रिकामा आहे. अकरा बाटल्या उरल्यात. उद्यापासून.