न्हाणीचं दार

आये, काल पंचवीस-तीस माणसांनी डोळे मिटून तुला आठवलं. त्यातल्या एकानेही तुला कधी पाहिलेलं नव्हतं.

अंबाडी गावाच्या पुढे रिसॉर्ट झालंय, तिथलं स्वयंपाकघर मी सांभाळते. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, चांगलं कसं जगायचं ते शिकायला. शिकवणारे सर मऊ आवाजात बोलतात. काल त्यांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, ‘ताई, तुमच्या आईबद्दल सांगा. काहीच नसताना किती आनंदात होत्या ते.’ मी सांगितलं. तू गवत कापायला जायचीस, मिठाबरोबर नाचणीची भाकरी खायचीस, कुणाकडे काही मागायची नाहीस, हसायचीस. सर सगळ्यांना म्हणाले, ‘डोळे मिटा. या बाईला बघा. तिला काही नको होतं, म्हणून ती सुखी होती.’ एका बाईंनी डोळे पुसले. ‘किती लकी होत्या तुमच्या आई,’ असं मला म्हणाल्या आणि टॉवेल घेऊन मागच्या न्हाणीकडे गेल्या. इथे तीही केलीय, आये. चार बांबू, साडीचा पडदा, वर आभाळ. तिथे अंघोळ करायला नंबर लावतात. मोकळं वाटतं म्हणे. भाताचं पातेलं तसंच टाकून मी मागच्या पायरीवर जाऊन बसले.

आपल्याही न्हाणीला तसाच पडदा होता. उजाडायच्या आत तू अंघोळ उरकायचीस आणि मी रस्त्याकडे तोंड करून पडदा धरून उभी राहायचे, कारण वीटभट्टीचा मुकादम नेमका तेव्हाच बिडी ओढत तिथून जायचा. जाताना त्याची चाल मंद व्हायची. तू ताप अंगात असतानाही उन्हं वर आल्यावर कधी पाणी अंगावर घेतलं नाहीस.

मी सातवीत असताना माझ्या दाखल्यासाठी आपण भिवंडीला गेलो. धामणकर नाक्यावर एका दुकानाबाहेर प्लास्टिकची दारं उभी करून ठेवलीयत. तू थांबतेस. एका दाराची कडी लावून बघतेस, काढतेस, पुन्हा लावतेस. दुकानदार विचारतो, ‘लेना है क्या, मौसी?’

‘न्हाय, बघते निसती.’

परतताना टमटममध्ये मी म्हणाले, ‘आये, तुला काहीच नको असतं. बाकीच्यांच्या आया सारख्या कुरकुरतात.’ तू असं पाहिलंस की मी सरकून बसले.

‘नको कोन म्हनला? मना दार पायजे हाय. रोज पायजे हाय. मांगून मिळत न्हाय म्हनून तोंड मिटलंय.’

त्यानंतर दोन वर्षांनी तू गेलीस. न्हाणीला तोवर पडदाच होता.

हे काल सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण सरांना जे हवं होतं तेच मी दिलं, तुझं हसणं जरा वाढवूनच. त्यांची किळस येते, त्या बाईंची येते, आणि माझी तर अंगावरून जातच नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं, आये. पुढच्या शनिवारी पुन्हा बोलायला सांगितलंय आणि मी नाही म्हटलेलं नाही.

हा कागद चुलीत जाईल. तुला वाचता येत असतं, तर मी तो लिहिलाच नसता.