वाईचा शाईवाला

॥ श्री ॥
पुणे, बुधवार पेठ
भाद्रपद शुद्ध १२, शके १७०८

तीर्थस्वरूप सौ. अक्का हिच्या सेवेशी, धाकट्या दिगंबरचा साष्टांग नमस्कार. वि. वि. येथील क्षेम जाणून तिकडील लिहीत जावे.

क्षेम म्हणजे दोन वेळा जेवतो आहे. दुकानाचे विचारू नकोस. बाबा गेल्यापासून शाई मीच घोटतो, पण घोटताना मनातला एक जण सारखा पुटपुटतो, की तुला बाबांचा हात नाही, काजळ कच्चे, डिंक जास्त, लोक केवळ बाबांकडे पाहून घेतात. काल एक शास्त्री दौत भरून घ्यायला आले. मी त्यांना समोरच्या अनंतशेटचे दुकान दाखवले. तुझ्या भावजयीने, हेमाने, कपाळावर हात मारून घेतला. ती म्हणते, की पुण्यातले दुकानदार गिऱ्हाईक हाकलतात हे ठाऊक होते, पण समोरच्याकडे पोहोचते करणारा हा पहिलाच.

एका सरदारांच्या दफ्तरातले कारकून दीनानाथपंत सांगून गेले, की वर्षभराची शाई घ्यायची आहे, दसऱ्याच्या आत नमुना आणावा. मी नेणार नाही. दसऱ्याला बाबांचे दुकान बंद करून अनंतशेटकडे घोटायला राहावे म्हणतो. हे पत्रही त्याच्याच शाईने लिहिले आहे, तुला नीट वाचता यावे म्हणून.

लोभ आहेच, तो माझ्या शाईसारखा पातळ होऊ देऊ नये.
दिगंबर

॥ श्री ॥
वाई
भाद्रपद वद्य २

चिरंजीव दिगंबर यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोहोचले. येथील ओल्या हवेत अनंतशेटची अर्धी शाई माझ्या बोटांना लागली. तुझा साष्टांग नमस्कार तर पुरता अंगठ्यावर उतरला, तो तसाच स्वीकारला आहे.

मनातल्या त्या पुटपुट्याला फुकट का पोसतोस? तोंड चालतेच आहे, तर हातात बत्ता दे, म्हणजे निदान काजळ तरी बारीक होईल. दुकान बंद करायची एवढी घाई नको. बाबा असते तर दोन शब्द बोलून गप्प बसले असते. मी चार बोलून गप्प बसते.

एक काम कर. वाईत एक नवा शाईवाला आला आहे. हे पत्र त्याच्या शाईने लिहिले आहे. बाबांनी मला अक्षर शिकवले ते शाई कशी उमटते हे पाहायला, पण माझ्यापेक्षा तुझी नजर बारीक. नीट पारखून खरे मत कळव.

बाकी, म्हैस परवा रुसली होती. दोन दिवस दूध दिले नाही, तिसऱ्या दिवशी यांच्या धोतराचा सोगा खाल्ला आणि खुशीत आली.

माया आहे, वाढवणे तुझ्या हाती.
मंदाकिनी

॥ श्री ॥
पुणे
भाद्रपद वद्य ८

तीर्थस्वरूप अक्कास दिगंबरचा साष्टांग नमस्कार, या खेपेस पुसला जाऊ नये. वि. वि.

अक्का, हा माणूस कोण? ओला अंगठा फिरवला, अक्षर हलले नाही. उन्हात धरले, काळ्यावर चकाकी. बोरू कोठे अडखळलेला नाही. डिंक किंचित कमी चालला असता, पण ते खोड काढणे झाले. अशी शाई बाबांनंतर पाहिली नाही. पुटपुट्यासुद्धा गप्प झाला, मग म्हणाला, की बघ, याला म्हणतात शाईवाला.

मला राहवले नाही. पत्राचा खालचा तुकडा कापून मी स्वतः दीनानाथपंतांना नेऊन दिला आणि अर्धी घटका त्या माणसाचे गुण गायले. त्या तुकड्यावर म्हशीचाच मजकूर होता, त्याला इलाज नाही. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, शाई पसंत आहे, शाईवाल्याला घेऊन या. तरी त्यास दसऱ्याच्या आत पाठव. मी त्याच्या पायाशी बसून शिकेन.

कृपा आहे ती असू द्यावी, शाईवाल्यासह.
दिगंबर

॥ श्री ॥
वाई
भाद्रपद वद्य १३

चिरंजीव वेड्या दिगंबरास आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले, की हे माजघरातून धावत आले. अरे, वाईत शाईवाला कोठला? गेल्या भाऊबीजेला तू ओवाळणीत दौत भरून दिलीस, वर बजावलेस, की शाई बेताची आहे, धोब्याच्या हिशेबापुरती वापर. तीच ही. आपले पोर शेजारच्या अंगणात उभे राहिले की कसे देखणे दिसते, ते कळले ना?

मी खोटे बोलले, ते पाप माझ्या खाती. पण मला वाईट वाटत होते रे. तू रात्रंदिवस राबायचे आणि तूच स्वतःला नावे ठेवायची, हे मला बघवत नव्हते. आता दफ्तरात जा आणि शाईवाला म्हणून उभा राहा. तेवढे मला वाईहून करता येत नाही.

जीव तुझ्यापाशी आहे, जपणे.
मंदाकिनी

॥ श्री ॥
पुणे
आश्विन शुद्ध ९

तीर्थस्वरूप अक्कास दिगंबरचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझ्याशी तीन दिवस बोलायचे नाही असे ठरवले होते. दुसऱ्याच दिवशी हेमाने ढकलत दफ्तरात पाठवले.

दीनानाथपंतांनी आधी म्हशीची प्रकृती विचारली. मग शाईवाला कोठे म्हणून विचारले. मी म्हणालो, मीच. लगेच सवयीने तोंडातून गेले, की शाई तशी बेताचीच आहे, गेल्या वर्षी चुकून साधली असेल. त्यावर त्यांनी शांतपणे चष्मा काढला. म्हणाले, की मागल्या खेपेस आपण हिच्यासारखी शाई नाही म्हणून येथे अर्धी घटका घेतलीत. तेव्हा खोटे बोललात की आता बोलता, तेवढे सांगावे, कारण लबाड माणसाची शाई दफ्तरात घेण्याचा रिवाज नाही.

अक्का, सुटायला वाटच राहिली नाही. मान खाली घालून म्हणालो, तेव्हा खरे बोललो होतो. त्यांनी मोठ्याने बोलायला लावले. पाच कारकून बोरू थांबवून बघत होते. मी म्हणालो, शाई उत्तम आहे आणि माझी आहे. आयुष्यात प्रथमच म्हणालो. वर्षभराचे काम मिळाले. परतताना डोळे भरून आले, ते हेमाला कळवू नकोस.

पुटपुट्या आज सकाळी पुन्हा आला होता. म्हणाला, डिंक जास्त पडला. पाहतो तर खरेच पडला होता. तेवढा कमी केला.

पुन्हा कधी मला फसवणार असशील तर आधी कळव. म्हणजे त्या वेळी आणखी थोडी स्तुती करून ठेवीन.
दिगंबर शाईवाला