अर्धा वर आलेला हात

ता. ४ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

समोर आले तर मी रडेन आणि तुम्ही पाठीवर थोपटून विषय बदलाल, म्हणून पत्र लिहितेय. तेवढं ओळखते मी तुम्हाला.

रविवारी कराटेच्या निवडीत शेवटची लढत माझी नि चिमीची होती. माझी लाथ तिच्या बरगडीला लागली. पंच तिच्या पाठीमागे होते, त्यांना दिसलं नाही. पण तुमच्या वर्गाचा नियम काय? ज्याला लागलं त्यानं स्वतःहून हात वर करायचा, पंचानं पाहो न पाहो. नऊ वर्षांची असताना मी एकदा लपवलं, तर तुम्ही मला महिनाभर दाराशी सगळ्यांच्या चपला लावायला बसवलंत. आईनं गयावया केली, तरी बधला नाहीत. आणि परवा? तुमच्या मुलीचा हात वर येत होता, मामा. अर्धा आला होता. तिनं तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. हात खाली गेला. एका गुणानं मी हरले.

आधी वाटलं, भास झाला असेल. पण चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांची नजर तपासते मी. माझी शाबूत आहे.

पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही, हे तुम्हाला पाठ आहे. नावं शनिवारी कायम होतील. त्याआधी समितीला खरं काय ते कळवा. दुसरं काही मागत नाही. मामींना नमस्कार.

तुमची,
बुटकी


ता. ६ मार्च

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

बाप रे, केवढा तो राग! अगदी आईवर गेलीस. तिनंही लहानपणी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही.

मान हलली असेल, नसेल. हॉलमध्ये माशा काय कमी होत्या? हार पचवायला शिका, हे मी तुम्हा पोरींना कितीदा सांगितलंय. लाथ मात्र सुरेख बसली हो! कंबर अशी वळली की शिकवल्याचं सार्थक झालं.

हे बघ, तुझं बरं चाललंय. हाताला काम आहे, मालक भला आहे. चिमीचं अभ्यासात डोकं नाही. या निवडीवर तिला खेळाडूंसाठीच्या राखीव जागेवर नोकरी मिळेल. घरातलं घरात राहू दे. मामासाठी एवढं कर. रविवारी ये, वर्गातली लहान मुलं तुझी वाट बघतात.

रागाव हवं तर, पण येणंजाणं तोडू नकोस.

तुझा,
मामा


ता. २ मे

प्रिय ताईस,
सा. न.

तू वर्ग सोडलास, फोनही घेत नाहीस. म्हणून हे पत्र. बाबांना ठाऊक नाही.

मला लागलं होतं, ताई. आठ दिवस बरगडी काळीनिळी होती. आई शेकायची आणि बाबा शेजारीच पेपर वाचत बसायचे. समितीला सांगू या म्हणून मी मागे लागले होते. त्यावर ते म्हणाले, ताईला समजावलंय, ती हसत हसत तयार झालीय. मी विश्वास ठेवला. बापावर नाही ठेवायचा तर कुणावर? काल स्पर्धेहून परतले, बॅग ठेवायला त्यांचं कपाट उघडलं, तर तुझं पत्र हाती आलं. तिथेच उभ्यानं दोनदा वाचलं. हसत हसत कुठलं गं!

पण मी त्यांच्या नावानं बोटं मोडायला लिहीत नाहीये. स्पर्धेतलं सांगायचंय. पहिल्याच लढतीत समोरच्या मुलीचा ठोसा माझ्या पोटात बसला. पंचांना दिसला नाही. बाबा इथे घरी होते, मान हलवायला तिथे कुणीच नव्हतं. तरी मी हात वर केला नाही. अर्धासुद्धा नाही. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली, जशी तू बघत होतीस. मी जिंकले.

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते खूश झाले. मग काळजीनं विचारलं, कुठे लागलंबिगलं नाही ना. मी नाही म्हणून सांगितलं.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही. पत्र फाडलंस तरी चालेल.

चिमी